राघोचं परत आलेलं पार्सल

सुरतेत कोसाडच्या खानदेशी वसाहतीत कुणाला गावी काही पाठवायचं असलं, की तो रविवारी सकाळी राघोच्या दारात येऊन उभा राहतो. राघो कपडा मार्केटमधल्या एका साड्यांच्या पेढीत सव्वीस वर्षं पॅकिंगला आहे. आपल्या हातची पेटी आसामात गेली तरी तिचा कोपरा चेपत नाही आणि आजवर एकही परत आलेली नाही, असं तो स्वतःच सांगतो. दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघत नाही.

बांधून द्यायचं तो काही घेत नाही, बोलणी मात्र पोटभर देतो. "खोकावरनं जुनं लेबल कोन काढी, तुना सासरा?" इथून सुरुवात. मार्केटमधली रिकामी खोकी इथे घरोघरी, आणि त्यांवर जुन्या गिऱ्हाइकाची पट्टी तशीच. ती राहिली की कुरिअरचं मशीन तीच वाचतं, आणि नंदुरबारच्या आईचं औषध नागपूरच्या दुकानात जाऊन पडतं. मग पत्ता. "मारुतीच्या पाराजवळ" एवढ्यावर भागत नाही. तालुका हवा, पिनकोड हवा. शिवाय तोच पत्ता चिठ्ठीवर लिहून आतही टाकायचा, म्हणजे वरचा पावसात धुतला तरी अडत नाही. राखी आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा टाळायचा, कारण तेव्हा सगळा देशच कुणाला ना कुणाला काहीतरी पाठवत असतो.

त्याचा खरा राग फोन नंबरावर. गेल्या उन्हाळ्यात शेजारचा कुंदन बायकोला पाठवलेलं पार्सल जसंच्या तसं परत घेऊन आला. त्यावर त्याने स्वतःचा नंबर दिला होता. कुंदन सुरतेजवळच्या सचिन गावात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, असतो. तिथे फोन बाहेर ठेवावा लागतो, आणि खिशात असता तरी त्या खडखडाटात ऐकू आला नसता. पोचवणाऱ्याने तीनदा लावला आणि पार्सल परत धाडलं. सुरतेतले निम्मे खानदेशी हेच करतात. गावी बायकोच्या हातात फोन असतो, तरी कागदावर नंबर कमावत्याचाच. राघोने चारचौघांत त्याला धुतलं.

"पार्सल जठे उतरस, तठला नंबर लिख! सुरतमा बसीन तू दार उघाडशी का?"

कुंदन हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

श्रावणात शिरपूरपलीकडे राघोच्या गावच्या घरी कानबाई, खानदेशची कुळदेवी, बसते. मोठा भाऊ वारल्यापासून वहिनी, सुंदरा, सगळं सांभाळते. कानबाईला नवी साडी लागते आणि ती सुरतेहूनच यायची, हा राघोचा मान. पण नेमका तोच मार्केटचा सीझन. शेठ सुट्टी देत नाही आणि खरं सांगायचं तर राघोनेही मागणं कधीच सोडलं होतं. दहा वर्षं साडी जात होती, राघो जात नव्हता.

गेल्या वर्षी साडी मिळाल्याचं सांगायला वहिनीने चार दिवस लावले. ते चार दिवस राघोला अन्न गोड लागलं नव्हतं. म्हणून यंदा डाळिंबी काठाची हिरवी साडी बांधताना त्याने पार्सलवर स्वतःचा नंबर घातला. पोचल्याचा मेसेज थेट आपल्याच हातात पडेल, हा हिशेब. लोकांना सांगायचे नियम लोकांसाठी असतात, असं त्याला वाटलं असावं.

सोमवारी पेटी गेली. गुरुवारी दुपारी, आठशे साड्यांचा माल उतरलेला असताना, त्याला अनोळखी नंबरावरून फोन आला. अनोळखी नंबर म्हणजे विमा विकणारे, हे राघोचं ठरलेलं. त्याने कापला. शुक्रवारी दोनदा आला. दोन्ही वेळा कापला, दुसऱ्यांदा तर एक शिवी घालून.

संध्याकाळी मेसेज आला. गिऱ्हाइकाने पार्सल घ्यायला नकार दिला, पार्सल परत निघालं आहे.

राघोने तो तीनदा वाचला. मग कुरिअर कंपनीला फोन लावून वीस मिनिटं गाणं ऐकलं. शेवटी एक मुलगी आली आणि गोड आवाजात म्हणाली की गाडी निघून गेली. रविवारी कानबाई बसणार होती. त्याने बायकोला, सरलाबाईला, काही सांगितलं नाही. पण जेवताना तो भाकरीचे तुकडे नुसते मोडत राहिला, आणि काहीतरी बिनसलंय हे तिला कळलं.

रविवारी त्याने वहिनीला फोन लावला. मागे टाळ वाजत होते. साडी परत निघाल्याचं त्याने लाजत लाजत सांगितलं.

"भाऊ, साडी नही उनी त्यानं काही नही," सुंदरा म्हणाली. "शिरपूरथीन दुसरी लई उनूत. पन तुमना नावना रोट दरसाल आम्हीच खातस. तो कोनता पार्सलमा धाडू?"

घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून घ्यायचा आणि दळून त्याचे रोट करायचे, अशी रीत आहे. ते भाऊबंदांनीच खायचे आणि पुनवेच्या आत संपवायचे. घराबाहेर ते जात नाहीत. राघोच्या नावाचा गहू दहा वर्षं निघत होता. हे त्याला माहीत होतं, पण कुणी असं तोंडावर विचारलं नव्हतं.

बुधवारी पार्सल आलं. "काका, रिटर्न छे. सही करो," पोचवणारा म्हणाला. नेमका कुंदन जिन्यात उभा होता. त्याने पेटी पाहिली, वरचा नंबर पाहिला आणि वर निघून गेला. तो हसला असता तर बरं झालं असतं, असं राघोला वाटलं.

पेटीचा एकही कोपरा चेपला नव्हता.

गुरुवारी त्याने शेठकडे दोन दिवस मागितले. "आ सीझनमां?" शेठने विचारलं. राघोने हातातली पॅकिंगची दोरी खाली ठेवली आणि तो उभा राहिला. इतक्या वर्षांत हा माणूस असा उभा राहिलेला शेठने पाहिला नव्हता, म्हणून असेल, त्याने होकाराची मान हलवली.

ताप्ती लाइनच्या गाडीने राघो नरडाण्याला उतरला आणि एसटीने शुक्रवारी दुपारी घरी पोचला. पेटी काखेत होती. पुनव दुसऱ्या दिवशी होती.

सुंदराने त्याला स्वयंपाकघरात बसवलं. समोरच्या फळीवर ओळीने दहा खोकी होती. प्रत्येकावर त्याचं अक्षर, पिनकोडसकट. आत आता कुरडया, पापड, शेवया. एकही फाटलेलं नव्हतं. राघोने ती मोजली, दरसालच्या साडीचं एकेक.

वहिनीने झाकून ठेवलेला रोट काढला. पाच दिवसांत तो कडक झाला होता. तिने वाटीभर दूध ओतून दिलं. राघोने तो दुधात भिजवून, कुस्करून, बोटाने ताट पुसून संपवला.

सुंदराने त्याची पेटी उचलून अकराव्या जागी ठेवली. उघडलीसुद्धा नाही.

"आते पोचनं पार्सल," ती म्हणाली.