एक तास चादरींचा

ड्यूटी सुरू होण्याआधी मोठी मावशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायची आणि आत जाणाऱ्या प्रत्येक नर्सला म्हणायची, "बोटं पसर बघू." बोटं थरथरत असली, की त्या मुलीला पहिला तासभर सुई नाही, सलाईन नाही, नुसत्या चादरींच्या घड्या. कारण कुणी विचारायचं नाही. घड्या घालता घालता मुलगी आपणहून बोलायची, कधी रडायची, मग तोंड धुऊन कामाला लागायची. इनचार्ज म्हणून मावशीने तापाचा वॉर्ड वर्षानुवर्षं असाच चालवला.

साथ आली, खाटा व्हरांड्यापर्यंत पोचल्या, आणि अधीक्षकांना हे खुपायला लागलं.

"इथे माणसं मरताहेत आणि तुम्ही पोरींना चादरींशी खेळवताय? हॉस्पिटल आहे हे, माहेर नाही!"

"साहेब, घड्या घातल्याने अजून कुणी दगावलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी बाकच उचलून नेला. त्याच आठवड्यात ऑफिसने पाहुणे बोलावून 'मन शांत कसे ठेवावे' यावर भाषण ठेवलं. ड्यूटी करून पायांत गोळे आलेल्या मुलींना हजेरी सक्तीची!

सगळ्यांत धाकट्या नर्सला चिमणी म्हणायचे. तिचे वडील साथीत गेले. मावशीने तिच्यासाठी रजा मागितली, अधीक्षकांनी नाकारली. त्या दुपारी चिमणीने एका पेशंटची बाटली दुसऱ्याला लावली. शेजारच्या नर्सने वेळीच पाहिलं म्हणून तो वाचला. तरी चिमणीला काढायचं ठरलं.

चौकशीत मावशी उभी राहिली. "हिचे हात कापताहेत हे मी तुम्हाला त्या दिवशी सकाळीच सांगितलं होतं. घरीच पाठवायचं असेल, तर आधी आपण दोघं जाऊ, साहेब."

चिमणीची नोकरी राहिली. मावशीची मात्र उचलबांगडी झाली, थेट मळक्या कपड्यांच्या कोठीत. तिथे हातमोजे मागितले तर उत्तर आलं, "तिथे कुठे पेशंट असतात?" आजाऱ्यांच्या चादरी ती उघड्या हातांनी मोजत राहिली. पुढे ती गेल्यावर शोकसभेत याच अधीक्षकांनी तिला त्यागमूर्ती म्हटलं. कसला त्याग? तिने काहीच सोडलं नव्हतं, सगळं तिच्याकडून काढून घेतलं होतं.

इकडे चिमणीने बाटली चुकल्या दिवसापासून सुई हातात धरली नव्हती. नोकरी सोडते, म्हणत होती. अशात कोठीतल्या मावशीलाच ताप भरला, ती आपल्याच वॉर्डात खाटेवर आली, आणि श्वास बिघडल्यावर तिला मशीनवर ठेवायचं ठरलं. सलाईन लावायला दुसरी नर्स आली, तिला मावशीने परत पाठवलं. "चिमणीला बोलाव."

चिमणी ट्रे घेऊन आली आणि खाटेपाशी नुसतीच उभी राहिली. मावशीने बाही वर सारली.

"उजव्या हाताच्या शिरा लबाड आहेत गं, डावा घे. आणि भितेस काय? दुखलं तर मी ओरडेनच की."