डावे ब्रॅकेट, उजवे ब्रॅकेट

माझी बायको निशिगंधा घरून काम करते म्हटलं, की आमच्या शिफ्टमधले लोक म्हणतात, "राव, मजा आहे वहिनींची." मी कधी कोणाला उत्तर दिलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि ज्याला कळत नाही त्याला कंपनीच्या बसमध्ये समजावत बसायची मला हौस नाही.

पिंपळे गुरवमध्ये आमचं दोन खोल्यांचं घर. मी चाकणला एका कंपनीत वेल्डिंगवर आहे, निशिगंधा तिथल्याच दुसऱ्या कंपनीच्या प्लॅनिंगमध्ये. उद्या कोणता पार्ट किती हवा, याची यादी ती रोज सकाळी भोसरीच्या छोट्या कारखानदारांना पाठवते. ते पार्ट पुढं गाड्यांच्या कारखान्यात जातात. पूर्वी तीही रोज चाकणला जायची. आमची दिव्या दुसरीत असताना डॉक्टरांनी एडीएचडी आहे म्हणून सांगितलं, दोन पाळणाघरांनी हात जोडले, तेव्हा निशिगंधानं साहेबांच्या विनवण्या करून घरून काम मागून घेतलं. दर तीन महिन्यांनी ते पुन्हा मंजूर करून घ्यावं लागतं.

दिव्या आता नऊ वर्षांची. एक गणित ती टेबलाशी बसून करते, दुसरं कॉटवर उभी राहून, आणि तिसरं राहूनच जातं, कारण मधेच तिला मुंगी दिसते. मुद्दाम करत नाही. डोकं चांगलं आहे, पण ते एका जागी ठरत नाही. निशिगंधानं यावर एक युक्ती काढली आहे. टेबलाखाली दिव्याच्या पावलावर आपलं पाऊल दाबून ठेवायचं. दाब आहे तोवर पोरगी बसते. वर मीटिंग चालू, तोंडानं "येस सर", आणि खाली पाय. संध्याकाळी निशिगंधाच्या पोटरीत गोळे येतात.

सुरुवातीला ती रडायची, माझ्यावर खेकसायची. मग दोन्ही थांबलं. मला वाटलं, बरं झालं, सवय झाली. मी गाढव. सवय कसली, बाई आतून सुन्न होत चालली होती. तव्यावर पोळी करपत असली तरी नुसती बघत उभी राहायची. वाढदिवसाला साडी आणली तर "छान आहे" म्हणाली, लाइटबिल वाचून दाखवावं तशा आवाजात.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मंजुरी संपायला चार दिवस होते. माझी दुसरी शिफ्ट, त्यामुळे दुपारपर्यंत मी घरीच. सकाळची शाळा सुटून आलेली दिव्या जेवत होती. एक वाजता निशिगंधाच्या साहेबांचा, रणजीत सरांचा फोन आला. एका हातात वरणाची पळी होती म्हणून तिनं तो स्पीकरवर टाकला.

गाड्या जोडायची लाइन थांबली होती. आमच्या पट्ट्यात ही बातमी घरात कोणी गेल्यासारखी सांगतात. ब्रॅकेट म्हणजे गाडीतला पार्ट धरून ठेवणारा लोखंडी तुकडा, डाव्या बाजूचा वेगळा, उजव्या बाजूचा वेगळा. आदल्या दिवशीच्या यादीत उजव्या ब्रॅकेटचा आकडाही निशिगंधाकडून डाव्या ब्रॅकेटपुढं पडला होता. भोसरीहून डावे दुप्पट आले, उजवा एकही नाही. गाड्यांचा कारखाना चाळीस मिनिटं उभा राहिला.

"मॅडम, हेडसाहेब भडकलेत. म्हणतात, यांना सोमवारपासून चाकणलाच बसवा," रणजीत सर म्हणाले. माणूस वाईट नाही. आवाज खाली आणून पुढं म्हणाले, "एक करा. मुलीनं कीबोर्डला हात लावला म्हणून सांगा. तुमची चूक म्हटली तर ते ऐकणार नाहीत. लहान मुलाचं काय, होतं असं. एवढ्या वेळी मी सांभाळून घेतो."

निशिगंधानं पळी खाली ठेवली. "हो सर. मुलीनंच दाबलं असणार. मी स्वयंपाक करत होते."

मी कॉटवर पडलो होतो. यादी रोज सव्वानऊला जाते. त्या वेळी दिव्या शाळेत होती, मीच तिला सोडून आलो होतो. मला सगळं कळलं आणि मी भिंतीकडं तोंड केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि मला वाटलं, घरून काम करायची मुभा वाचतेय ना, मग पोरीला काय फरक पडतो. या विचाराची मला अजून लाज वाटते.

फोन बंद झाला. दिव्या ताटावरून उठून खरकट्या हातानं आली.

"आई, सॉरी. मी कधी दाबलं?"

निशिगंधानं वरणावर झाकण ठेवलं.

"मला आठवत नाही," दिव्या म्हणाली. "पण मीच दाबलं असेल."

निशिगंधा तिच्याकडं वळली. मग म्हणाली, "तू नाही दाबलंस. चूक माझी आहे. मी सरांशी खोटं बोलले."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस तू."

निशिगंधानं लॅपटॉप उघडला, यादी काढली आणि वेळेवर बोट ठेवलं. "काल सव्वानऊ. तू कुठं होतीस तेव्हा?"

"शाळेत." दिव्यानं जरा विचार केला. "मग परवा दाबलं असेल."

मी उठून बसलो. शाळेच्या डायरीत लाल पेननं शेरे लिहिणाऱ्या बाई, पाळणाघरवाल्या, फोनवरून "दोन रट्टे द्या" म्हणणारी माझी आई, आणि मी. आम्ही सगळ्यांनी मिळून पोरीला इतक्या वेळा "तूच केलंस" ऐकवलं होतं, की पुरावा समोर असून तिचा त्यावर विश्वास बसत नव्हता. मला रडू आलं. निशिगंधाला आलं नाही. ती खुर्चीवर बसून टाइप करायला लागली.

"अगं, थांब जरा," मी म्हणालो. "सोमवारपासून हिला कोण बघणार?"

"माहीत नाही," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

कंपनीत मेल इंग्रजीत लिहितात. ही तिनं मराठीत लिहिली, दिव्याला कळावी म्हणून. माझी मुलगी त्या वेळी शाळेत होती, आकडे मी भरले, फोनवर मी खोटं सांगितलं. पाठवायच्या आधी तिनं ती दिव्याला मोठ्यानं वाचायला लावली. दिव्यानं जागची न हलता शेवटपर्यंत वाचली, आणि निशिगंधानं ती रणजीत सरांना आणि हेडसाहेबांना पाठवून दिली.

पंधरा मिनिटांत उत्तर आलं. सोमवारी सकाळी साडेआठला चाकणला हजर राहावे. निशिगंधानं ते वाचलं आणि वरण पुन्हा गरम करायला ठेवलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. दोनच्या बससाठी मी बूट घालत होतो.

दिव्या तिच्यामागं जाऊन उभी राहिली. "आई, म्हणजे तू आता रोज ऑफिसला जाणार?"

"हो. सोमवारपासून."

दिव्यानं आईच्या गाऊनचं टोक धरलं.

"माझ्यामुळेच ना?"