खुडूकमामा बसले ते बसलेच

खुडूक कोंबडी ओळखण्यात मामांचा हात धरणारं कुणी नव्हतं. अंडी द्यायची सोडून त्यांच्यावर ठाण मांडून बसली की ती खुडूक, म्हणजे पोल्ट्री कंपनीच्या लेखी कामचुकार. मामांच्या परीक्षा तीन. उचलून लांब ठेवा, परत तिथंच येते का? हात घाला, चोच मारते का? उठवा, गुरगुरते का? तिन्ही जुळल्या की अर्ज भरायचा, सही करायची, कोंबडी बाद. तिची अंडीही फेकायची, हा गुण पोरींच्या रक्तात उतरायला नको. एकतीस वर्षांत कोंबड्या इतक्या सुधारल्या, की अंडं टाकून मागे वळूनही बघेनात. उबवायला यंत्र होतं. कवचाआड दिवसरात्र त्याचीच घरघर ऐकलेली पिल्लं बाहेर आली की आई म्हणून पंख्याकडे धावत.

पेन्शनला आठ महिने उरले असताना जाळीमागे एक खुडूक सापडली. सगळ्या शेडमधली शेवटची. एकोणीस दिवस लपून बसली होती, बया! मामांनी ती नियमानं बाद केली आणि अंडी फेकायला टोपली उचलली.

"चिव," टोपलीतून आवाज आला.

"काय गं?" मामा सवयीनं म्हणाले.

"चिव," अंडं म्हणालं.

आजवर हजारो अंडी फेकली, पण उलट उत्तर कुणी दिलं नव्हतं. शेवटच्या दोन दिवसांत पिल्लू कवचातूनच आईचा आवाज ओळखायला शिकतं, हे मामांना ठाऊक होतं. पण आई तर सकाळच्या गाडीनं गेली होती, आणि यंत्रात बिनशिक्क्याचं अंडं चालत नाही. उठले तर बारा पिल्लं जाणार, बसले तर नोकरी. मामांनी टोपली मांडीवर घेतली, वर स्वेटर, स्वेटरवर रजिस्टर, आणि बसले.

दुसऱ्या दिवशी मामी डबा घेऊन आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "आपली दोन पोरं झाली तेव्हा अर्ध्या दिवसाची रजा काढली नाहीत. आता बरा पान्हा फुटला!"

"हळू बोल. ऐकतायत ती."

मामींना हसू आलं आणि लगेच रडूही आलं. एवढी माया या माणसात होती, तर इतकी वर्षं ठेवली होती कुठे?

तिसऱ्या दिवशी मॅनेजरबाई आल्या. "मामा, उठा." मामा गुरगुरले. दोन शिपायांनी त्यांना उचलून दाराबाहेर ठेवलं. शिपाई आत यायच्या आधी मामा टोपलीपाशी हजर. बाईंनी टोपलीत हात घातला, मामांनी तो चावला.

"तिन्ही लक्षणं!" बाई हात चोळत ओरडल्या. "असला कामचुकार बाद होतो की नाही?"

"होतो."

"मग भरा अर्ज."

खुडूक ठरवण्याचा अधिकार एकट्या मामांचा, आणि मामा नियमाचे पक्के. त्यांनी स्वतःला नीट तपासलं, अर्ज भरला, सही केली. पेन्शन गेली. पण तोवर अकरा पिल्लं बाहेर आली होती आणि बाराव्याची चोच दिसत होती.

"जरा धरा, आलोच," म्हणत टोपली बाईंच्या मांडीवर देऊन मामा संडासाकडे पळाले. दोन दिवसांचं साठलेलं!

परत आले तर बाई त्यांच्याच खुर्चीत. तोंड कवचाजवळ नेऊन म्हणत होत्या, "ये बाळा, ये. अजून थोडंसं."

"द्या इकडे," म्हणून मामांनी हात पुढे केला. बाईंनी फटकन चापट मारली.

"निदान खुर्चीतून तरी उठा, बाई."

"थांबा हो!" बाई खेकसल्या.

दारातला शिपाई हे सगळं बघत होता. त्यानं हळूच कपाट उघडलं. "मामा, दुसरा अर्ज काढू?"

मामांनी बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पेनाला टोपण लावलं.

"कशाला? मला तर एकही लक्षण दिसत नाही."