वनमालाचे जादा चार आठवडे

वनमाला परब अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायची. मनात आलं ते तोंडावर बोलायची. म्हणून पॅकिंगच्या बायका तिला पुढे करत आणि स्वतः चार पावलं मागे उभ्या राहत.

सत्याऐंशी साली तिला दिवस गेले. ती पाचव्या महिन्यात असताना तिची सुपरवायझर सुलक्षणा सामंत बाळंतपणाच्या रजेवर निघाली. सोळा आठवडे, भरपगारी. पॅकिंगवाल्या बायकांना मात्र बाराच. वनमाला तडक पर्सोनेल ऑफिसर लिओनार्ड साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. साहेब मरोळच्या गावठाणातले, बोलायला घरचेच. पण कायद्याचं पुस्तक उघडलं की परके व्हायचे.

"साहेब, सुपरवायझरचं पोर जास्त दिवस दूध पितं काय ओ?"

"ग्रेडचा प्रश्न आहे, वनमाला. कायद्याने बारा. वरचे चार कंपनी स्टाफला देते."

"म्हणजे माझं पोर कायद्याचं नि तिचं कंपनीचं?"

साहेबांनी पुस्तक मिटलं.

पण सुलक्षणाची जागा कुणीतरी सांभाळायला हवी होती, आणि सगळ्यांत जुनी वनमालाच. साहेबांनी तिला ॲक्टिंग सुपरवायझर केलं. पगार तोच. "आजपासून सुपरवायझरचे सगळे नियम तुला लागू," ते म्हणाले. "पंधरा मिनिटं आधी यायचं, ओव्हरटाइम नाही."

"तसं लिहून द्या."

साहेबांना तिचा काटेकोरपणा आवडला. त्यांनी लगेच पत्र टाइप करून घेतलं.

वनमालाने खातं असं राबवलं, की तिची जिवलग मैत्रीण प्रेमा आठवडाभर तिच्याशी बोलत नव्हती. आठवा महिना भरला, सुलक्षणा यायला दहा दिवस उरले, तेव्हा वनमालाने रजेचा अर्ज दिला. सोळा आठवडे.

"आकडा चुकला तुझा," साहेब म्हणाले.

तिने पत्र पुढे केलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. खाली सही त्यांचीच होती.

"अगं, हे लवकर येण्यापुरतं होतं."

"आले की लवकर. कार्ड बघा. पण पत्रात 'सगळे नियम' लिहिलंय. 'लवकर येण्यापुरते' कुठे लिहिलंय?"

साहेबांनी कंपनीच्या वकिलाला फोन लावला. वकील बराच वेळ हसला आणि म्हणाला, देऊन टाका.

दुसऱ्याच आठवड्यात प्रेमा साहेबांकडे गेली. तिला तिसरा महिना होता. "मला पण ॲक्टिंग करा ना. पगार नको वाढवून." मग आणखी तिघी आल्या. एकीचं तर नुसतं लग्न ठरलं होतं. ती आगाऊ नाव लावून गेली.

साहेबांनी घरी बायकोला, व्हायोलेटला, गाऱ्हाणं सांगितलं. ती मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळ्याच सुपरवायझर झाल्या तर पाकिटं तू भरणार काय? देऊन टाक ना सगळ्यांना चार आठवडे."

हेच साहेबांनी जरा जड इंग्रजीत वर लिहून पाठवलं. दोन महिन्यांनी फळ्यावर नोटीस लागली: सर्व महिला कामगारांना सोळा आठवडे.

बातमी सांगायला प्रेमा वनमालाच्या खोलीवर आली. वनमालाने ऐकून घेतलं आणि फक्त "बरं झालं" म्हणाली. तिचं लक्ष मांडीवर होतं. तिच्या रजेचा तेरावा आठवडा चालू होता, आणि लेक बोळकं पसरून तिच्याकडे बघून हसत होती.