मूळ वस्तूच परत द्यावी

गोव्यात नोकरीला असताना जुने दस्त वाचण्यापुरती मी पोर्तुगीज शिकले. सोलापुरात परतल्यावर घरचे विचारायचे, इथे ही भाषा कुणाच्या कामाची? मग भवानी पेठेतले एक वृद्ध विणकर कोर्टाचा हुकूम घेऊन आले. वॉल हँगिंगचा एक नक्षा त्यांच्या आईने ग्राफ पेपरवर हाताने रंगवलेला होता आणि तो पुतण्याने लिस्बनला नेला होता. पैशाने याची भरपाई होणार नाही, समन्यायाने मूळ वस्तूच परत द्यावी, असं कोर्टाने म्हटलं होतं. हे तिकडच्या वकिलासाठी मला पोर्तुगीजमध्ये करायचं होतं.

त्या 'समन्याया'ने, म्हणजे इंग्रजी कायद्यातल्या 'इक्विटी'ने, मला छळलं. तिकडच्या कायद्यात त्याला नेमका जोडीदारच नाही. तीन दिवस कोश उलटेपालटे केले, कामवालीवर उगाच खेकसले, दोनदा भाजी करपवली. शेवटी तो शब्द जमला. पण त्याच्या नादात पुढच्याच ओळीत, 'परत द्यावी'च्या जागी, हाताच्या सवयीने 'नुकसानभरपाई द्यावी' असं पडलं. जुन्या दस्तांत तेच वाचत आले होते ना. खाली 'भाषांतर खरे आहे' असं लिहून सहीही ठोकली.

महिन्याभराने पुतण्याच्या बाजूने उत्तर आलं: भरपाई द्यायला तयार आहोत. ते पत्रही माझ्याकडेच आलं भाषांतराला. वाचताच माझी प्रत काढून ती ओळ पाहिली; चूक माझीच होती. तरी मुकाट्याने भाषांतर करून त्या विणकर काकांच्या वकिलांना पाठवलं. पुढचे चार दिवस मी घरभर येरझारा घातल्या. फोन उचलायचा, ठेवायचा. मला माझ्या नावाची भीती वाटत होती, दुसरं काही नाही. आज लिहितानाही लाज वाटते.

पाचव्या दिवशी भवानी पेठेत गेले. माग सुरू होते, म्हणून माझी चूक मला ओरडून सांगावी लागली. उद्याच दुरुस्ती पाठवते, म्हणाले.

काका म्हणाले, "काल पैशाच्या कागदावर सई केली की, ताई. वकील म्हनले, तिकडं पैसंच मिळत्यात, घ्या आन मोकळं व्हा."

मी पर्समध्ये हात घालत म्हणाले, "काका, माझी फी तरी परत घ्या. सगळी."

त्यांनी माग बंद केला.

"तुमी बी पैसंच देताय की."