धाकलीबाईच्या दारातली दोन मडकी

ठाण्याच्या बंदरावर तांडेल मला होडीत घेईना. माझ्या मांडीवर तोंड बांधलेलं गाडगं होतं, त्याच्याकडं बघत राहिला.

"अस्थी काय रं बाबा त्यान?"

"वाल आहेत."

"सोड बगू फडका."

सोडला. वर राख. तो दोन पावलं मागं सरला. मी राखेत बोटं घालून चार तांबडे वाल काढून दाखवले. बियाण्याला कीड लागू नये म्हणून राखेत ठेवतात, हे त्याला कुठून ठाऊक! "बायकोची राख खाडीत गेली. ही चुलीतली आहे," म्हणालो, तेव्हा त्याने होडीत घेतलं. तरी मला नाळीवर (होडीच्या पुढच्या टोकाला) एकट्यालाच बसवलं. पोतडीत माझ्या शेतातली माती होती, ती मी दाखवलीच नाही.

घोडबंदरच्या वाटेवर माझं शेत. तीन हिवाळे तिथं मर पडते आहे. भात कापल्यावर वाल पेरतो, तो वीतभर होतो आणि उभ्या उभ्या मान टाकतो. जानकी असेपर्यंत तगलेल्या वेलांच्या शेंगा निवडून बी धरायची. भादव्यात ती गेली. यंदा पेरलेलंही गेलं. तिच्या हातचं बी उरलं ते या गाडग्यात. गावातले तुम्ही सगळे म्हणालात, डोंबिवलीकडच्या धाकलीबाईचा पांढरा वाल मरत नाही, तो आण आणि जुनं बी बिरड्यात घाल. बिरड्यात घाला म्हणणाऱ्यांचा मला तेव्हाच संशय आला. म्हणून माती बरोबर घेतली. आधी माझ्या मातीत जगून दाखवा, मग बोला.

भरतीबरोबर निघालो. दोन्ही काठांना मिठागरं, पांढऱ्या राशी, उन्हात डोळे दिपत होते. दिवा गावाच्या बाजूला होडी चिखलात रुतली. पाणी चढेपर्यंत तांडेलाने सुकट-भाकरी पुढं केली. त्याने आधी खाल्ली, मग मी.

डोंबिवलीच्या अलीकडं खाडीकाठी धाकलीबाईचं घर. माझ्याच वयाची आगरीण, आवाज भांडल्यासारखा. पोतडीत काय ते सांगितल्यावर तिने मला अंगणातच थांबवलं.

"मेलेली माती घेऊन माज्या शेतान येतस? पाय धू आदी!"

"तुझ्याकडं मर नाही ना? मग भितेस कशाला?"

"कोन बोलला नाय? ये, दाखवतंय."

बांधावरूनच तिने शेजाऱ्याचा वाळलेला वाल उपटला, नखाने देठ चिरला. आत तपकिरी दोरा. माझ्या घरच्या मेलेल्या वालात हाच दोरा असतो. आणि बांधाच्या अलीकडं हिचा पांढरा वाल हिरवागार.

"आमची मर माज्या वालाला शिवत नाय. तुजी काय खाईल ते मना काय ठावं?"

मग दारात दोन मडकी मांडली. एकात माझी माती, तिचा पांढरा वाल. दुसऱ्यात तिच्या बांधापलीकडची, शेजाऱ्याचा वाल मेला ती माती, जानकीचा तांबडा. पेरले मी, पाणी घातलं मी, चुन्याची खूण मी केली. पंधरा-सोळा दिवस राहिलो. कुंपण बांधून दिलं, म्हणजे फुकट जेवलो असं कुणी म्हणू नये.

"मडक्याची राखन करतस का माजी?" ती विचारायची.

"दोघांची."

तेराव्या दिवशी माझ्या मातीतल्या पांढऱ्या वालाने मान टाकली. तीन दिवसांत सगळे गेले. देठ चिरला तर तोच दोरा. जानकीचा तांबडा, ज्या मातीत शेजाऱ्याचा मेला त्याच मातीत, ताठ उभा. मी एक वेल उपटून मूळ चिरून पाहिलं. पांढरं, स्वच्छ.

"उपटलास कशाला, मेल्या? जगत होता ना?" ती ओरडली.

दिसायला रोग एकच, पण खाणं वेगळं. भावाभावांचं तोंड सारखं असतं, एकाला मासळी चालते, दुसऱ्याला नाही, तसं काहीतरी. माझ्या मातीतल्या रोगाला जानकीचं बी आवडतं आणि धाकलीबाईचंही. तिच्याकडच्या मातीतल्या रोगाला दोन्ही नकोत.

म्हणजे तिचं बी माझ्या कामाचं नव्हतं. आणि गाडगं घरी नेलं असतं तर पुढच्या कार्तिकात मीच ते मातीत घालून मारलं असतं, नाहीतर कीड लागली असती. दुपारभर ओटीवर बसलो. मग गाडगं तिच्यापुढं सरकवलं.

"उशीर झालाय, पन इथं ओल हाय. पेरतंय," ती म्हणाली.

"खाऊन टाकशील."

"पेरून उरला तर खाईन! बियाना न खाल्लेला घर दाखव मना."

खरं बोलली. खोटं बोलणारी बाई "नाही खाणार" म्हणाली असती. माझ्यासमोर तिने चार ओळी टाकल्या, मग मी परतीची होडी धरली. पोतडी भर खाडीत झाडून टाकली.

आता गावात विचारता, बाईने बी लाटलं तर? लाटेलही. माझ्याकडं तरी ते कुठं जगणार होतं? फाल्गुनात शेंगा धरतील तेव्हा जाईन. कळवून जाणार नाही. कळवलं की लोक दुसऱ्याचं शेत दाखवतात.