आधी रस्ता सांगा

जळगावात फुलचंदशेठच्या दुकानात जाऊन कुणी म्हणालं, "जीपचा क्राऊन-पिनियन द्या," की शेठ कपाटाकडे वळतसुद्धा नसत. समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवत आणि विचारत, "रस्ता कसा शे?" गिऱ्हाईक गाडीचं मॉडेल सांगू लागलं की हात वर करून थांबवत. "गाडी माले माहीत शे. आधी रस्ता सांगा." मग चढ कुठं, नाला कुठं, पावसाळ्यात चिखल किती, गाडीत माणसं बसतात की केळीचे घड, हे सगळं ऐकून झाल्याशिवाय एकही डबा उघडत नसे. घाईतलं गिऱ्हाईक वैतागून निघून जाई. शेठ त्याच्या पाठीकडे बघत शांतपणे म्हणत, "परत येई. मोडेल दात लिसन येई."

मी त्या दुकानाची पायरी चढले ती आबांच्या जीपसाठी. आबा म्हणजे माझे वडील. रावेरला आमची केळी, आणि मी जळगावात बँकेत. त्यामुळे घरातलं 'जळगावचं काम' म्हणजे चष्म्याच्या काचेपासून ट्रॅक्टरच्या नळीपर्यंत सगळं माझ्या गळ्यात. जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, त्यात एक मोठं दातेरी चाक आणि एक लहान असतं, आणि इंजिनाची ताकद त्या दोघांच्या दातांतून चाकांना पोचते, हे ज्ञान मला तोवर नव्हतं. मोठं ते क्राऊन, लहान ते पिनियन. आबांनी फोनवर फक्त एवढंच सांगितलं होतं, "दात गेले. जोडी आन."

शेठनी रस्ता विचारला आणि मला आधी हसूच आलं, कारण त्या रस्त्याला रस्ता म्हणणं हाच विनोद होता. सातपुड्यात वर एक पाडा आहे. तिथं जानीबाई राहते, आबांची मानलेली बहीण. एका पावसाळ्यात आबा तापानं फणफणून तिच्या पाड्यावर अडकले होते, तेव्हा तिनं त्यांना सांभाळलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला आबा जीप काढून वर जातात. भाड्याची पिकअप त्या दगडांत येत नाही आणि आबांचे गुडघे पायी चढू देत नाहीत. आदल्या वर्षी अर्ध्या चढावर क्राऊनचे दात तुटले. आबा कुणाच्यातरी ट्रॅक्टरवर बसून परत आले आणि जानीबाईसाठी घेतलेलं लुगडं कपाटात तसंच राहिलं. माझा धाकटा भाऊ सुनील तेव्हापासून एकच धोशा लावून होता, की हे भंगार विकून टाका. शेवटी आबा म्हणाले, "भाऊबीजेले गाडी वर गेली तं ठेवू. नाही गेली तं तू खुशाल ईक."

हे सगळं मी शेठना सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत होते. म्हणाले, "ताई, म्हणजे मी तुमले गिअर नई दी ऱ्हायनू. भाऊबीज दी ऱ्हायनू." आणि प्रथमच कपाटाकडे वळले.

फुलचंदशेठ मूळचे धुळ्याचे. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि राग आला की एकदम शुद्ध मराठी. अंगानं काटकुळे, पांढरा शर्ट, खिशात कायम एक लिंबू. लिंबाचं कारण पुढं कळलं. जन्मभर गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या या माणसाला गाडी लागायची. स्वतः स्कूटरसुद्धा चालवायला शिकले नाहीत. पिंप्राळ्याहून दुकानात रिक्षानं येत, तेही रिक्षावाल्याला दर वळणावर "सबूर, सबूर" म्हणत.

आबांच्या जीपचा कंपनीचा माल येणं कधीच बंद झालं होतं. बाजारात मिळतो तो इतरांनी बनवलेला. शेठनी तीन जोड्या काउंटरवर मांडल्या. मी सगळ्यात चकचकीत होती तिच्याकडे बोट दाखवलं. ते हसले. "चमक देखीसन सोनं ल्या, ताई. गिअर नका ल्या." क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच नंबर कोरतात. माझ्या चकचकीत जोडीवर दोन वेगळे नंबर होते. "दोन लग्नं मोडीसन हाई तिसरं लाई देल शे," शेठ म्हणाले. दुसऱ्या जोडीच्या दाताच्या कडेवर त्यांनी कानस ओढली, तर बारीक चुरा पडला. "कवळा शे." तिसरीवर कानस नुसतीच घसरली, काचेवर नख घसरतं तशी. मग त्यांनी माझं बोट धरून दाताच्या मुळाशी फिरवलं. कुठं खरखर नाही, कुठं काठ नाही. मी विचारलं, "मग त्या दोन विकायला कशाला ठेवल्यात?" शेठ म्हणाले, "विकाले नई. दाखाडाले."

जोडी पसंत पडली, पण व्यवहार झाला नाही. कारण मी सहज बोलून गेले, की दात जायच्या आधीच सुनीलनं हौसेनं जीपला मोठी टायरं बसवली आहेत. शेठनी उघडलेला डबा बंद केला आणि सुनीलला बोलावून घेतलं.

सुनील आला तो तावातावानं. त्याचं म्हणणं, टायरं मोठी तर मागचा गिअर जास्त ओढीचा घ्या, झालं. शेठनी त्याला स्टुलावर बसवलं. "भाऊ, तुम्हनी गाडी चारी चाकं ओढस. मांगला दोन पाय एक चालीना, पुढला दोन दुसऱ्या चालीना, असा बैल कधी चालना का?" ओढ बदलायची तर पुढच्या आणि मागच्या, दोन्ही अ‍ॅक्सलच्या जोड्या बदलायच्या, नाहीतर डोंगरात दोघं एकमेकांशी भांडून दोघंही मोडतील. सुनीलनं माझ्याकडे बघून डोळा मारला. म्हणजे शेठला एकीऐवजी दोन जोड्या खपवायच्या आहेत. शेठनी तो डोळा पाहिला. आणि आम्ही पहिल्यांदा त्यांचं शुद्ध मराठी ऐकलं. "तुम्हाला गाडी चढवायची आहे, की मिरवायची आहे? चढवायची असेल तर ती टायरं काढा, जुन्या मापाची लावा, आणि ही एकच जोडी घेऊन जा. दुसरी मी तुम्हाला विकणार नाही." सुनीलचा चेहरा असा पडला, की शेठ एवढे रागावलेले असूनही मला हसू आवरेना. टायरं मात्र उतरली.

बसवायच्या दिवशी शेठ स्वतः रावेरला आले, एसटीनं, लिंबू हुंगत. त्यांची ती रीतच होती. महत्त्वाची जोडी असली की दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी जाऊन उभं राहायचं. आमच्या अंगणात मिस्त्रीनं गोळा उघडला होता. दात दातावर नीट बसतो की नाही हे बघायला आमच्याकडे तेलात कालवलेला शेंदूर लावतात. चाक फिरवलं, की जिथं दात टेकतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि खूण उमटते. पहिली खूण दाताच्या काठावर उमटली. मिस्त्री म्हणाला, "चालून जाईल." शेठ म्हणाले, "'चाली जाई' म्हननारी गाडी ढकलनी पडस." मग क्राऊन पुन्हा बाहेर काढलं. कचरा लागू नये म्हणून शेठनी आईकडून पाट मागून घेतला, त्यावर धुतलेलं फडकं अंथरलं आणि शेंदरानं माखलेलं ते गोल चाक त्यावर ठेवून दोघं चाक किंचित सरकवणाऱ्या पत्र्याच्या पातळ चकत्या बदलायला वळले.

तेवढ्यात आई बाहेर आली. पाट, त्यावर शुभ्र फडकं, त्यावर तेल-शेंदूर. तिनं जे करायचं तेच केलं. आत जाऊन हळद-कुंकू, जास्वंदीचं फूल आणि उदबत्ती घेऊन आली. कुणाचं लक्ष जाईपर्यंत क्राऊनची पूजा आटोपली होती. आणि मिस्त्री वळला तो रॉकेलचं फडकं घेऊन.

"हात लावू नको!" आई अशी कडाडली की मिस्त्री दोन पावलं मागं गेला. "शेंदूर चढवला देवाले, अन् रॉकेलच्या बोळ्यानं पुसतो?" आबा समजावून थकले, सुनील हसून थकला. आई पाटासमोर बसून राहिली. शेंदूर तसाच आत गेला असता तर तेलात मिसळून दात खाल्ले असते. बाहेर राहिला असता तर भाऊबीज गेली असती. शेवटी फुलचंदशेठ पुढं झाले, चपला काढल्या, हात जोडले. "माय, तू करी ते बराबर शे. पन शेंदूर लाया ती देवनी परीक्षा व्हती. देव पास व्हई गया. आते त्याले आंघोळ घालीसन मंदिरमा बसाडनं शे. मंदिर हाई," आणि त्यांनी जीपखालच्या गोळ्याकडे हात केला. आई वाकून जीपखाली डोकावली. मग म्हणाली, "पन असल्या बोळ्यानं नाही," आणि आतून कोरा करकरीत पंचा आणून दिला. शेठनी त्या पंचानं एकेक दात असा पुसला, की मिस्त्रीनंही काम थांबवून बघितलं. चकत्या बदलल्यावर दुसरी खूण दाताच्या बरोबर मधोमध पडली. शेठनी मला बोलावून दाखवली. "देखा ताई. आते डोंगर बलावा."

डोंगर लगेच बोलवायचा नव्हता. नव्या जोडीला सवय लावावी लागते. शेठचा हुकूम होता, की रिकामी गाडी सपाट रस्त्यानं हळू न्यायची, उभी करायची, पार गार होऊ द्यायची, पुन्हा न्यायची, आणि मग तेल बदलायचं. आबा रोज सकाळी फैजपूरच्या दिशेनं जात आणि झाडाखाली गाडी गार करत बसत. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारा माणूस गिअरसाठी ध्यानस्थ झाला, असं आई सगळ्यांना सांगत होती.

भाऊबीजेच्या सकाळी शेठ दारात हजर. त्यांची बहीण राजस्थानात, ओवाळणी फोनवर. म्हणाले, "दुकानमाईन गयेल वस्तू कोठे जास, ते मी कधीच देखं नई. आज देखसू." हातात लिंबू, काखेत खाखऱ्याचा डबा, कारण वांग्याचं भरीत ते खात नसत आणि आमच्याकडे दुसरं काही मिळण्याची त्यांना खात्री नव्हती.

नाल्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. आदल्या वर्षी जिथं दात तुटले होते तो चढ समोर आला, आबांनी खालचा गिअर टाकला, आणि मागून कुईऽऽ असा आवाज सुरू झाला. आबांचा चेहरा पांढरा पडला. सुनीलसुद्धा "बघा, सांगत नव्हतो?" म्हणाला नाही. मला तर रडूच येऊ लागलं.

"थांबाडा," शेठ म्हणाले. "ब्रेक दाबी ठेवा. इंजिन चालू ऱ्हाऊ द्या." गाडी उभी राहिली. कुईऽऽ चालूच. शेठ उतरले, वाकले आणि गोळ्यावर तळहात ठेवला. मग सरळ होऊन म्हणाले, "गाडी उभी शे, म्हणजे क्राऊन उभा शे. मंग वरडी कोन ऱ्हायनं?" कान पुढं करत ते मागच्या बाकापाशी गेले. आईनं दिलेला चकल्यांचा पत्र्याचा डबा लोखंडी दांडीला टेकून इंजिनाच्या थरथरीनं किंचाळत होता. शेठनी तो उचलून मांडीवर घेतला. कुईऽऽ एकदम बंद झालं. आणि मग आम्ही चौघं इतके हसलो, की आबांना चढाआधी डोळे पुसावे लागले. तो चढ जीपनं एकदाही न रडता काढला.

जानीबाई तबक घेऊन उभीच होती. गेल्या वर्षीचं लुगडं आणि या वर्षीचं, अशी दोन तिच्या हातात पडली. तिनं आबांना ओवाळलं, मग शेठकडे बघून विचारलं, "हा कोण?" आबा म्हणाले, "यानंच मले वर आनलं." तिनं दुसरी घोंगडी अंथरली आणि शेठला बसवून त्यांनाही ओवाळलं. ओवाळणी घालायला शेठनी खिसे चाचपले. गडबडीत पाकीट घरीच राहिलं होतं. त्यांनी खाखऱ्याचा डबा तबकात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

वर सपाट माळ आहे. निघताना आबांनी शेठना स्टिअरिंगवर बसवलं. ते नको नको म्हणत होते. सुनील शेजारून पळत शिकवत होता, "क्लच सोडा, शेठ, हळू!" जीप पहिल्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीनं निघाली. शेठ ताठ बसले होते आणि स्वतःलाच मोठ्यानं सांगत होते, "सबूर, सबूर!" पाड्यावरची पोरं टाळ्या वाजवत मागं धावत होती. त्या दिवशी त्यांना गाडी लागली नाही. स्टिअरिंगवरून उतरताना लिंबू त्यांनी जानीबाईच्या कोंबड्यांना टाकलं.

त्यानंतर दर भाऊबीजेला जानीबाईचे दोन भाऊ वर जात. दुकान बंद करून शेठ सुरतेला मुलाकडे गेले, तरी त्या दिवसाला रेल्वेनं येत. आबांनी किंवा सुनीलनं, कुणीच पुन्हा गाडी विकण्याचा विषय काढला नाही. गेल्या पावसाळ्यात सुरतेहून फोन आला. शेठ झोपेतच गेले, मुलगा म्हणाला.

भाऊबीजेला आम्ही वर पोचलो तेव्हा जानीबाईनं नेहमीसारख्या दोन घोंगड्या अंथरल्या होत्या. आबांनी तिला हळूच सांगितलं. तिनं एकदा खालच्या वाटेकडे पाहिलं. घोंगडी मात्र तिनं उचलली नाही. सुनील जीपपाशी उभा होता, त्याला तिनं हातानं बोलावलं आणि तिथं बसवलं. तो खाली मान घालून बसला. ओवाळून झाल्यावर तिनं आबांच्या गुडघ्यांकडे बघत विचारलं, "पुढल्या साली कोण आणील रे ह्याला?"

"मी आणीन, आत्या," सुनील म्हणाला. तोपर्यंत त्यानं तिला कधी आत्या म्हटलं नव्हतं.